नव्वद रुपयांचा फरक

निवृत्त माणसाने काय काय करू नये याची एक यादी करून ती देव्हाऱ्याशेजारी टांगावी, असे आमच्या सौ.चे जुने मत आहे. त्या यादीतले पहिले कलमही तिने ठरवून ठेवले आहे : 'चालत्या यंत्राला हात लावू नये.' मी बँकेत अडतीस वर्षे नोकरी केली, हजारो खाती जुळवली, पण घरातला मिक्सर, पाण्याची मोटर आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्याबाबत माझी कीर्ती फारशी चांगली नाही. तरीही गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, गणपती उठल्यावर दोनच दिवसांनी मी आमच्या कॉम्प्युटरला हात लावला. त्यातून जे रामायण घडले ते सांगण्यासाठी हा लेख.

मुळात हात लावायला कारण तसेच होते. माझी आई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत असे. १९८४ साली माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या ताईने, टू-इन-वन समोर ठेवून आईला म्हणायला बसवले आणि तीन कॅसेटी भरून घेतल्या. जाते तोवर माळ्यावर गेले होते. आई नुसताच हात हवेत फिरवीत, खुंटा धरल्यासारखी मूठ वळून म्हणत होती. पुढे सात वर्षांनी ती गेली. कॅसेटी कपाटात राहिल्या. मागल्या वर्षी उन्हाळ्यात ताईनेच फोनवर विचारले, "अरे, आईचा आवाज अजून आहे ना रे तुझ्याकडे?" तेव्हा मी दचकलो. चाळीस वर्षांच्या फिती! कुणाकडून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला, तो कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट वाजवून आत उतरवून घेतली. तिसरी कॅसेट शेवटाला आली आणि फीत पुरती गुंडाळून तीन ठिकाणी तुटली. म्हणजे आता त्या ओव्या राहिल्या त्या फक्त आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात.

आवाजातली खरखर काढायला मी ऑडॅसिटी नावाचा एक फुकटात मिळणारा प्रोग्रॅम घेऊन बसू लागलो आणि कॉम्प्युटर धापा टाकू लागला. २०१९ साली जोडून घेतलेले यंत्र, त्यात आठ जीबी रॅम. शिवाय विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, असे बजावणारी पाटी अधूनमधून पडद्यावर येत होती. विंडोज ११ वर जायचे तर यंत्राची तयारी करायला हवी. तेव्हा एकदाच काय ते करून टाकू, असे ठरवले.

रॅम म्हणजे काय, हे मला आमच्या नातवाने सांगितले ते फार सोपे वाटले. डिस्क म्हणजे बँकेचे रेकॉर्डरूम आणि रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. टेबल लहान असले की कारकून सारखा उठून रेकॉर्डरूमकडे धावतो. टेबल मोठे केले की कामे भराभर होतात. स्टेशनजवळच्या एका दुकानातून सोळा जीबीच्या, म्हणजे आठ-आठच्या, दोन पट्ट्या घेतल्या. त्या लावायला दुकानातला पोरगा घरी आला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान.

"अहो, पितृपंधरवडा चालू आहे. घरात नवी वस्तू कशाला आणता?" सौ. म्हणाली.

"पट्ट्या आहेत गं नुसत्या. वस्तू जुनीच आहे," मी म्हणालो.

पोरग्याने दहा मिनिटांत काम आटोपले. जाताना म्हणाला, "काका, जुन्या दोन पट्ट्या २६६६ च्या वेगाच्या आहेत, नव्या ३२०० च्या. चारही मिळून २६६६ वरच चालतील. सेटिंगला काही करू नका." मी मान डोलावली. त्या दिवशी यंत्र कसे पळाले म्हणून सांगू! मी खूष. सौ.सुद्धा चहा देताना काही बोलली नाही.

हा सोमवार, ८ सप्टेंबर. गुरुवारी दुपारी मी तिसऱ्या कॅसेटची खरखर काढून ती जपून ठेवण्याचे बटण दाबले आणि पडदा एकदम निळा झाला. त्यावर एक रडका चेहरा आणि खाली इंग्रजीत, तुमच्या यंत्राला काही अडचण आली आहे, अशी वर्दी. यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाले. बघतो तो तिसऱ्या कॅसेटची फाईल शेवटाला तुटलेली. चार मिनिटांच्या ओव्या गेल्या होत्या. पहिल्या दोन कॅसेटींची प्रत सौ.ने माझ्या मागे लागून पेनड्राइव्हवर करवून घेतली होती. तिसरीची 'उद्या करू' म्हणून मी ठेवली होती.

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. दर खेपेला कारण निराळे. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, तिसऱ्यांदा आणखी काही. रोज दुखणे बदलणारा रोगी आणि रोज औषध बदलणारा वैद्य, असा आमचा दोघांचा संसार सुरू झाला. विंडोजमध्ये घडल्या गोष्टींची एक नोंदवही असते, ती मी उघडली. तिथे तांबड्या खुणेसमोर लिहिलेले : कर्नेल-पॉवर ४१. 'पॉवर' हा शब्द वाचला आणि मी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने प्लग बदलला, अर्थिंग पाहिले, पैसे घेतले आणि गेला. निळा पडदा मात्र गेला नाही. मागाहून कळले की ४१ या नोंदीचा अर्थ एवढाच : यंत्र रीतसर बंद न होता मध्येच सुरू झाले. म्हणजे माणूस चक्कर येऊन पडला, असे लिहून ठेवल्यासारखे. चक्कर का आली, ते तिथे नसते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिला शंभर टक्के उदाहरण मीच ठरेन असे वाटले नव्हते.

मग माझा संशय स्वाभाविकच नव्या पट्ट्यांवर गेला. त्या येण्याआधी सहा वर्षांत निळा पडदा कधी दिसला नव्हता. मी दुकानात फोन केला. पोरगा शनिवारी आला आणि त्याच बनावटीची दुसरी नवी जोडी लावून गेला. रविवारी पुन्हा निळा पडदा! आता तर माझी खात्रीच झाली. दुकानाचा सगळा मालच वाईट.

तरी मी बँकेतला माणूस. पुराव्याशिवाय बोलायचे नाही. नातवाने मेमटेस्ट नावाचा एक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून दिला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो. रॅमच्या घरात एकेक आकृती लिहायची आणि लगेच ती पुन्हा वाचून बघायची, जे ठेवले तेच परत मिळते का, एवढेच त्याचे काम. हे काम किती मोठे ते बघा. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि एकेक शब्द ४० घरांचा. म्हणजे सगळी मिळून ८१,९२० घरे. आमच्या चोवीस जीबीत अशी दोनशे अब्जांहून अधिक घरे आहेत. प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यातल्या एका घराने शून्याचा एक सांगितला तरी कधी हिशेब चुकतो, कधी चित्र बिघडते, तर कधी सगळे यंत्रच कोसळते. कोणते घर केव्हा दगा देईल याचा नेम नाही, म्हणून निळ्या पडद्याची कारणे दर खेपेला निराळी दिसतात.

मेमटेस्ट लावला आणि चहा संपायच्या आत पडद्यावर तांबड्या ओळी उमटू लागल्या. चुका! मी नव्या दोन पट्ट्या काढल्या, जुन्या दोनच ठेवल्या, पुन्हा परीक्षा लावली. रात्रभरात एकही चूक नाही. याहून स्वच्छ पुरावा कोणता? नव्या पट्ट्या आत, तर यंत्र आजारी. नव्या पट्ट्या बाहेर, तर यंत्र ठणठणीत.

मंगळवारी संध्याकाळी मी पट्ट्या खिशात घालून दुकानात गेलो. ऐन गर्दीची वेळ होती. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. 'वापरलेला माल', 'म्हाताऱ्या माणसाला फसवणे' असे शब्द त्यात होते. आईच्या आवाजाबद्दलही बोललो आणि बोलताना माझा आवाज चढला. दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून आले. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी पोरग्याला विचारले, "माल तपासून नेला होतास का?" तो म्हणाला, "खोकं सीलबंद होतं, शेट." मालक म्हणाले, "दोन्ही जोड्यांचे पैसे तुझ्या पगारातून." पोरग्याचे तोंड उतरले. पण माझ्याकडे वळून तो शांतपणे म्हणाला, "काका, दोन्ही जोड्या मी इथल्या मशीनवर रात्रभर तपासतो. एक विचारू? पट्ट्या लावल्यावर तुम्ही अजून काही बदललंत का?"

"मी कशाला काय बदलू? मला काय त्यातलं कळतं!" मी म्हणालो.

एरवी मला सगळे कळते. त्या वेळी मात्र मला काही कळत नव्हते.

घरी आलो. रोजच्या सवयीने डायरी काढली. बँकेत लागल्यापासून मी दिवसभराचा हिशेब आणि घडामोडी लिहून ठेवतो. 'दुकानदाराने वाईट माल दिला. खडसावून आलो,' असे १६ तारखेच्या पानावर लिहिले. मग इलेक्ट्रिशियनला किती दिले ते बघायला मागची पाने उलटली आणि ९ सप्टेंबरच्या पानावर नजर खिळली. अक्षर माझेच :

'रात्री बायॉसमध्ये गेलो. टीपीएम चालू केले (विंडोज ११ साठी). एक्सएमपी चालू केले. वेग ३२००. छान.'

मी ते पान तीनदा वाचले. आठवत गेले तसे कानशिले तापली. पट्ट्या लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एक चित्रफीत पाहिली होती. तिच्यातला तरुण मोठ्या उत्साहाने सांगत होता, की तुम्ही पैसे ३२०० चे दिलेत आणि यंत्र २६६६ वर चालवता, हा शुद्ध तोटा आहे. बायॉसमध्ये जा आणि एक्सएमपी चालू करा. बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, यंत्राच्या मुख्य पाटीवरच राहणारा प्रोग्रॅम. तोटा हा शब्द ऐकून बँकेतला माणूस गप्प कसा बसणार? सुरू होताना एक बटण दाबून आत शिरलो आणि दोन कळा फिरवल्या. त्या रात्री यंत्र छान चालले, बुधवारीही चालले. गुरुवारी कोसळले, तोवर मी ती गोष्ट साफ विसरलो होतो.

आणि मग माझा तो स्वच्छ पुरावाही ढासळू लागला. एक्सएमपी म्हणजे पट्टी बनवणाऱ्याने पट्टीतच लिहून ठेवलेले वेगाचे शिफारसपत्र. ते नव्या पट्ट्यांत होते, जुन्यांत नव्हते. नव्या पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ते शिफारसपत्रही गेले आणि यंत्र आपोआप जुन्या, सावकाश वेगावर आले. मी समजत होतो एकच गोष्ट बदलली. बदलल्या होत्या दोन.

इथे मला १९७८ सालची एक संध्याकाळ आठवली. मी नवा कॅशियर होतो. दिवसाअखेरीला रोकड नव्वद रुपयांनी कमी भरली. नव्वद रुपये म्हणजे तेव्हा चेष्टा नव्हती. साहेबांनी सगळ्या काउंटरांसमोर माझा ड्रॉवर उपडा करायला लावला, खिसे बघितले आणि पैसे माझ्या पगारातून भरून घ्यायचे ठरवले. मी घरी येऊन आईला काहीच सांगितले नाही, पण तिने ओळखले. दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेतले एक वयस्कर कारकून माझ्याजवळ आले. म्हणाले, "फरक नऊने भागतो का बघ. भागत असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल." नव्वदाला नऊने भागले; भाग गेला. आम्ही व्हाउचरे काढून बसलो आणि अर्ध्या तासात सापडले. दोनशे तीस रुपये भरणा आला होता, वहीत तीनशे वीस चढला होता. ते चढवणारा हात साहेबांचा होता. साहेबांनी आकडा दुरुस्त केला, माझे पैसे सुटले. पण सगळ्यांसमोर खिसे बघणारा तो माणूस सगळ्यांसमोर एक शब्द बोलला नाही. ती गोष्ट माझ्या मनात सत्तेचाळीस वर्षे बोचत होती. आणि आज मी कुणाचे खिसे बघून आलो होतो?

त्या वयस्कर कारकुनांनी मला आणखी एक शिकवले होते : खाते जुळत नसले तर एका वेळी एकच नोंद तपासायची. दोन दुरुस्त्या एकदम केल्या आणि खाते जुळले, तरी चूक कुठली होती ते कळत नाही; आणि एकीने केलेला बिघाड दुसरी झाकू शकते. एवढे ठाऊक असून मी एका रात्रीत दोन कळा फिरवल्या होत्या, पट्ट्यांची तिसरी नोंद आदल्याच दिवसाची होती.

बुधवारी सकाळीच दुकानातून फोन आला. दोन्ही जोड्या रात्रभर तपासून झाल्या, चूक एकही नाही. मी जाऊन पहिली जोडी गुपचूप घेऊन आलो. पोरगा दुकानात नव्हता. कागदावर तीन रकाने आखले : पट्ट्या, टीपीएम, एक्सएमपी. चारही पट्ट्या आत घातल्या, टीपीएम चालूच ठेवले, फक्त एक्सएमपी बंद केले. रात्रभर परीक्षा. सकाळी पाहिले : चुका शून्य. मग फक्त एक्सएमपी चालू केले. दहा मिनिटांत तांबड्या ओळी. पुन्हा बंद. पुन्हा रात्रभर शून्य. जुन्या पट्ट्या २६६६ च्या वेगासाठी बनलेल्या. त्यांना मी नव्यांच्या बरोबरीने ३२०० वर पळवत होतो. वेगाबरोबर त्या कळीने विजेचा दाबही १.२ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर नेला होता. शिवाय दोनाऐवजी चार पट्ट्या सांभाळायच्या म्हणजे प्रोसेसरवरही भार अधिकच. म्हाताऱ्या आजोबांना नातवाच्या हाताला धरून शर्यतीत उतरवावे, तसे ते झाले. दोन दिवस आजोबा धावले, तिसऱ्या दिवशी पडले. दोष आजोबांचा नव्हता, नातवाचा नव्हता. उतरवणाऱ्याचा होता.

सौ.ला सगळे सांगितले. वाटले होते, ती पितृपंधरवडा काढील, नाहीतर यादीतले पहिले कलम वाचून दाखवील. ती एवढेच म्हणाली, "त्या पोराचे पैसे कापले असतील का हो?"

शुक्रवारी दुपारी दुकान रिकामे असते. तेव्हा जाऊन हळूच सांगावे, असा विचार मनात येऊन गेला. चपला घातल्याही होत्या. मग त्या काढून ठेवल्या. बँकेत एक नियम होता : ज्या वहीत चूक झाली, दुरुस्तीही त्याच वहीत. बाजूच्या चिठोऱ्यावर नाही. मी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी गेलो. काउंटरवर चार गिऱ्हाइके होती. मी मालकांना म्हणालो, "मंगळवारी मी इथे जे बोललो ते चूक होतं. माल चांगला आहे. बिघाड मी केला होता, घरी, माझ्या हातानं. या मुलानं मला विचारलं होतं, मी खोटं उत्तर दिलं." पुढे पोरग्याकडे वळलो. त्याला काय म्हणायचे ते ठरवून आलो होतो, पण तोंडातून एवढेच निघाले, "बाळा, चुकलो मी."

दुकानात एकदम शांतता झाली. पोरगा क्षणभर काउंटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, एक्सएमपी होतं ना?"

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. पण तुम्ही नाही म्हणालात." मग सावरून घेत म्हणाला, "३२०० वरच चालवायचं असेल तर जुन्या दोन पट्ट्या काढून टाका, नव्याच ठेवा. सोळा जीबी होईल, पण सुखानं धावेल. नाहीतर चारही ठेवा आणि २६६६ वर चालवा. तुमच्या कामाला फरक कळणारसुद्धा नाही. आणि त्या ओव्यांची कॉपी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, काका. एक घराबाहेर." मालकांनी माझ्यासमोरच सांगितले की पगारातून काही कापले जाणार नाही. मी तिथे उभा राहून ते नीट ऐकून घेतले, मगच निघालो.

चारही पट्ट्या २६६६ वर चालू आहेत. त्यानंतर निळा पडदा दिसला नाही. पुढे सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढून मगच विंडोज ११ घातले. ओव्यांची एक प्रत माझ्याकडे, एक ताईकडे साताऱ्याला. गेलेली चार मिनिटे मात्र परत आली नाहीत. ताईला फोनवर सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या का? त्या मला येतात रे. सासरी जाईपर्यंत रोज पहाटे ऐकल्यात." दिवाळीला आली तेव्हा तिने त्या म्हणून दाखवल्या. आवाज ऐंशीच्या घरातला, मध्येच दम लागणारा. आईचे गाणे संपते, थोडी खरखर होते आणि पुढच्या ओव्या ताई म्हणते. म्हणताना तिचा उजवा हात हवेत फिरत होता, मूठ वळलेली.

डायरीतले १६ सप्टेंबरचे पान तेवढे राहिले होते. बँकेत खाडाखोड चालत नाही, खोडरबर तर नाहीच. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालची अक्षरे वाचता यायला हवीत, आणि शेजारी सही करायची. 'दुकानदाराने वाईट माल दिला' या ओळीवर मी तांबड्या शाईने एक रेघ मारली, खाली लिहिले, 'चूक माझी', आणि सही केली.